आवाज कुणाचा, मीठ कुणाचे: बॉल्टिमोरचे बेसबॉल समालोचक आणि हरण्याजिंकण्याचा इतिहास

बेसबॉलचे चाहते बोलायला बसले की पिचर (म्हणजे चेंडू फेकणारा), होमरन (थेट मैदानाबाहेर जाणारा फटका) आणि गुणतक्ता यांच्या जोडीने आणखी एक विषय हटकून निघतो, तो म्हणजे समालोचक. काल रात्रीच्या पराभवाचे वर्णन त्याने कोणत्या सुरात केले, संघाच्या चुकांवर पांघरूण घातले का, मालकाच्या धाकाने काही गाळले का, यावर तावातावाने वाद होतात. क्रिकेटवर वाढलेल्या मराठी वाचकाला हे काहीसे नवलाचे वाटेल. बाळ ज. पंडितांचे मराठी धावते वर्णन ऐकलेल्या पिढीसाठी समालोचक हा सामन्याचा माणूस होता, आणि आजच्या आयपीएलमध्येही मुंबईसाठी एक आणि चेन्नईसाठी दुसरा असे वेगळे समालोचक नसतात. अमेरिकेच्या मेजर लीग बेसबॉलमध्ये मात्र प्रत्येक संघाचे स्वतःचे समालोचक असतात. एकाच सामन्याचे वर्णन दोन शहरांत दोन वेगवेगळ्या आवाजांत ऐकू येते. आणि त्या आवाजांना पगार संघाकडून, संघाच्या मालकीच्या वाहिनीकडून किंवा संघाच्या संमतीने नेमणूक करणाऱ्या रेडिओ स्थानकाकडून मिळतो. चाहत्यांच्या बहुतेक वादांचे मूळ या व्यवस्थेत आहे. ती कशी रूढ झाली आणि पडत्या काळात तिचा ताण कसा जाणवतो, हे पाहायला मेरिलँडमधील बॉल्टिमोर ओरिओल्स या संघाइतके सोयीचे उदाहरण दुसरे सापडणार नाही.

आधी हंगामाविषयी थोडेसे सांगणे आवश्यक आहे. मार्चअखेरीपासून सप्टेंबरअखेरीपर्यंत प्रत्येक संघ १६२ सामने खेळतो, म्हणजे जवळजवळ रोज एक. (१९६१-६२ पूर्वी ही संख्या १५४ होती.) पहिल्या क्रमांकाचा संघही साधारण साठ वेळा हरतो आणि तळाचा संघही बहुधा पन्नासेक सामने जिंकतो, त्यामुळे एका सामन्यावरून कुणी निष्कर्ष काढत नाही. आठवडेच्या आठवडे सरल्यावर संघ कोणत्या वाटेने चालला आहे हे उमगते. या सहा महिन्यांत समालोचकाचा आवाज स्वयंपाकघरात, मोटारीत, दुकानाच्या गल्ल्यावर रोज तीन तास चालू असतो. इतका सहवास लाभल्यावर ऐकणाऱ्याला त्या माणसाच्या स्वरातला बदल लगेच कळतो, आणि तो आपल्याशी खरे बोलतो आहे की नाही याची पारखही होते.

बेसबॉलचा पहिला रेडिओ सामना ५ ऑगस्ट १९२१ रोजी पिट्सबर्गच्या फोर्ब्ज फील्डवरून केडीकेए या स्थानकाने प्रसारित केला. हॅरॉल्ड आर्लिन हा वेस्टिंगहाउस कंपनीतला तरुण कर्मचारी प्रेक्षकांमध्ये बसून, टेलिफोनपासून तयार केलेल्या मायक्रोफोनमध्ये बोलत होता. पिट्सबर्ग पायरेट्सने फिलाडेल्फिया फिलीजवर ८-५ अशी मात केली. पुढची पंधरा वर्षे संघमालकांमध्ये एकच वाद चालला: घरबसल्या फुकट ऐकायला मिळाल्यावर तिकीट कोण काढणार? शिकागो कब्जचे मालक विल्यम रिग्ली यांनी उलटा अंदाज बांधला. त्यांनी स्थानकांना मोकळीक दिली, आणि १९२७ मध्ये एका हंगामात दहा लाखांहून अधिक प्रेक्षक खेचणारा कब्ज हा नॅशनल लीगमधला (मेजर लीगच्या दोन गटांपैकी हा एक, दुसरा अमेरिकन लीग) पहिला संघ ठरला. न्यूयॉर्कच्या तिन्ही संघांनी मात्र १९३४ पासून पाच वर्षे आपल्या शहरात रेडिओला बंदी घातली. ही बंदी मोडली ती लॅरी मॅकफेल यांनी. त्यांनी सिनसिनाटीत रेड बार्बर नावाच्या, दक्षिणेकडच्या मृदू बोलीच्या तरुणाला हाताशी धरले होते. १९३८ मध्ये ते न्यूयॉर्कमधल्याच ब्रुकलिन डॉजर्सच्या कारभारावर आले आणि पुढच्याच वर्षी त्यांनी बार्बरला तिथे आणले.

आज ज्याला आपण समालोचनाची शिस्त म्हणू, तिचा बराचसा भाग बार्बर यांनी घालून दिला. ते समोर तीन मिनिटांचे वाळूचे घड्याळ ठेवत. वाळू खाली उतरली की गुणफलक सांगायचा आणि घड्याळ उलटे करायचे, कारण रेडिओ मधेच लावणाऱ्याला सर्वांत आधी तेवढेच हवे असते. समालोचकाने आरडाओरडा करू नये, कुणाची बाजू घेऊ नये, बातमीदाराने पाहावे तसे मैदान पाहावे, हा त्यांचा आग्रह होता. याच्या विरुद्ध टोकाला होता तो आपल्या संघाची उघड बाजू घेणारा, संघ जिंकला की नाचणारा आणि हरला की पंचांना दोष देणारा समालोचक. अमेरिकन चाहते त्याला ‘होमर’ म्हणतात. हे दोन्ही प्रकार एकाच पगारपत्रकावर नांदत आले आहेत, ही या व्यवसायातली गंमत.

त्या काळी समालोचक संघाबरोबर दौऱ्यावर जात नसे. परगावच्या सामन्याची त्रोटक माहिती तारेने स्टुडिओत येई, आणि समालोचक त्यावरून चेंडूचा मार्ग, फलंदाजाची हालचाल, प्रेक्षकांचा कल्ला असा सगळा सामना कल्पनेने उभा करी. आयोवातील डेमॉइन येथे कब्जच्या सामन्यांचे असे वर्णन करणारा एक तरुण होता रोनाल्ड रेगन. एकदा ऐन सामन्यात तार बंद पडली आणि ती पुन्हा सुरू होईपर्यंत आपण फलंदाजाला एकामागून एक फाउल चेंडू (रेषेबाहेर जाणारे, ज्यांनी डाव पुढे सरकत नाही असे फटके) मारायला लावले, ही हकीकत रेगन पुढे राष्ट्राध्यक्ष झाल्यावरही रंगवून सांगत. बॉल्टिमोरच्या इतिहासात त्यांचे नाव पुन्हा येईल.

१९४८ मध्ये बार्बर अल्सरने आजारी पडले, आणि डॉजर्सचे सूत्रधार ब्रँच रिकी यांना बदली समालोचक तातडीने हवा होता. अटलांटाच्या दुय्यम दर्जाच्या संघाकडे अर्नी हार्वेल नावाचा गुणी माणूस होता, पण त्याच्याशी करार असल्यामुळे मालकाने मोबदला मागितला, आणि तोही रोख रकमेत नव्हे. डॉजर्सने आपल्या मॉन्ट्रियलच्या दुय्यम संघातला क्लिफ डॅपर हा कॅचर (क्रिकेटच्या यष्टिरक्षकासारखा खेळाडू) अटलांटाला दिला आणि बदल्यात समालोचक घेतला. खेळाडू देऊन समालोचक घेण्याचा मेजर लीगच्या इतिहासातला असा दुसरा व्यवहार नाही. समालोचक ही संघाची मालमत्ता आहे ही समजूत मालकांच्या मनात किती सहज रुजली होती, ते त्यावरून दिसते.

हेच हार्वेल १९५४ मध्ये बॉल्टिमोरला आले. त्या वर्षी सेंट लुइसचा ब्राउन्स हा रडतखडत चाललेला संघ उचलून बॉल्टिमोरला आणला गेला आणि त्याचे नाव ओरिओल्स झाले. पहिल्या हंगामात त्याने ५४ सामने जिंकले आणि १०० हरले. जहाजबांधणी आणि पोलादावर जगणाऱ्या या बंदराच्या शहराला मेजर लीगचा संघ मिळाला याचाच आनंद इतका मोठा होता की गुणतक्त्याकडे फारसे कुणी पाहिले नाही. हार्वेल यांच्या संथ, अघळपघळ नसलेल्या निवेदनातून शहराने आपला नवा संघ ओळखीचा करून घेतला. १९६० मध्ये ते डेट्रॉइटला गेले आणि पुढची चार दशके तिथलेच झाले. फाउल चेंडू प्रेक्षकांत जाऊन कुणाच्या हाती लागला की तो अमुक गावच्या गृहस्थाने झेलला असे ते ठोकून देत. त्यांना ते गाव ठाऊक असणे शक्य नव्हते हे ऐकणाऱ्यालाही माहीत असे, तरी आपल्या गावाचे नाव निघेल म्हणून डेट्रॉइटच्या मिशिगन राज्यभर लोक कान देऊन बसत. १९९१ च्या हंगामानंतर त्यांना निरोप देण्याचा निर्णय झाला तेव्हा चाहत्यांनी इतका संताप व्यक्त केला की संघ विकला गेल्यावर नव्या मालकाने १९९३ मध्ये त्यांना परत बोलावले. ते २०१० मध्ये वारले तेव्हा त्यांचे पार्थिव डेट्रॉइटच्या मैदानावर ठेवण्यात आले, आणि हजारो लोक रांगेत उभे राहून दर्शन घेऊन गेले.

बॉल्टिमोरमध्ये त्यानंतरचा आवाज चक टॉम्पसन यांचा. मधली काही वर्षे वॉशिंग्टनला घालवून ते परतले आणि १९८७ पर्यंत या ना त्या माध्यमातून ऐकू येत राहिले. संघाने काही झकास केले की ‘बिअर कशी गारेगार आहे!’ अशा अर्थाचे त्यांचे वाक्य ठरलेले असे. ते उगाच आलेले नव्हते. त्या काळी प्रक्षेपणाचा खर्च बहुतांशी बिअर कंपन्या उचलत, आणि कोणता समालोचक ठेवायचा यात त्यांचा शब्द वजनदार असे. बॉल्टिमोरला तर नॅशनल बोहेमियन ही स्थानिक बिअर बनवणाऱ्या कंपनीचे प्रमुख जेरोल्ड हॉफबर्गर १९६५ पासून संघाचेही प्रमुख मालक होते. टॉम्पसन यांचे दुसरे आवडते उद्गारवाक्य ‘युद्धाला निघा, मिस अ‍ॅग्नेस!’ असे होते; व्हिएतनामच्या युद्धात तरुण मरू लागल्यावर ते त्यांनी आपणहून वापरायचे सोडले.

टॉम्पसन यांचे नशीब असे की त्यांच्या वाट्याला बहुतांश जिंकणारा संघ आला. १९६६ मध्ये ओरिओल्सने डॉजर्सला अंतिम मालिकेत ४-० असे नमवून पहिले अजिंक्यपद मिळवले, १९७० मध्ये दुसरे. संघ जिंकत असताना समालोचकाच्या निष्ठेची कसोटी लागत नाही. ती कशी लागते ते त्याच १९६६ मध्ये न्यूयॉर्कला दिसले. अनुभवी रेड बार्बर तेव्हा यांकीज या संघासाठी काम करत होते आणि एकेकाळचा हा बलाढ्य संघ तळाला गेला होता. २२ सप्टेंबरला यांकी स्टेडियममध्ये अवघे ४१३ प्रेक्षक आले. बार्बर यांनी रिकाम्या खुर्च्या दाखवायला सांगितले. कॅमेरे हलले नाहीत. तेव्हा त्यांनी शब्दांत सांगितले की या मैदानाच्या इतिहासातली ही सर्वांत लहान गर्दी आहे आणि आजची बातमी हीच आहे. थोड्याच दिवसांत त्यांचा करार पुढे वाढवला जाणार नसल्याचे त्यांना कळवण्यात आले. त्या सामन्याची बातमी म्हणून त्यांनी सांगितले त्यात खोटे काही नव्हते, आणि अडचण नेमकी तीच होती.

सत्तरच्या दशकाअखेर बॉल्टिमोरमध्ये ओरिओल्सविषयीचे प्रेम काहीसे शिळे झाले होते. शहर अमेरिकन फुटबॉलच्या कोल्ट्स या संघासाठी वेडे होते. १९७९ मध्ये डब्ल्यूएफबीआर या रेडिओ स्थानकाने प्रक्षेपणाचे हक्क घेतले आणि संघाचा दिवसभर गाजावाजा सुरू केला. २२ जूनच्या रात्री डेट्रॉइटविरुद्ध हरत आलेला सामना डग डीसिन्सेसने शेवटच्या डावात होमरन मारून खेचून आणला, आणि त्या क्षणाचे समालोचन पुढचे कित्येक दिवस स्थानकावरून वाजत राहिले. त्यानंतर अखेरच्या क्षणी जिंकण्याचा जणू संघाला छंदच लागला. प्रेक्षकसंख्या १६ लाखांच्या वर गेली, जी तोवर बॉल्टिमोरने कधीच पाहिली नव्हती. वर्ल्ड सिरीजमध्ये, म्हणजे अजिंक्यपदाच्या अंतिम मालिकेत, पिट्सबर्गविरुद्ध ३-१ अशी आघाडी असताना ओरिओल्स ४-३ असे हरले, तरी त्या वर्षाची आठवण शहर आजही प्रेमाने काढते.

इथे एक आडवळण घेतो, कारण चाहत्यांच्या तक्रारींत ते वारंवार डोकावते. सहा महिने घरचा आवाज ऐकायचा आणि ऑक्टोबरात ऐन निर्णायक सामने आले की दूरचित्रवाणीवर राष्ट्रीय वाहिनीचे तटस्थ समालोचक, अशी ही व्यवस्था आहे. १९७० च्या दशकाच्या मध्यापर्यंत वर्ल्ड सिरीजच्या राष्ट्रीय प्रक्षेपणात दोन्ही संघांच्या समालोचकांना स्थान असे, पुढे ते गेले. १९८० मध्ये फिलाडेल्फियाने आपले पहिले अजिंक्यपद मिळवले, पण त्यांचा लाडका हॅरी केलस त्या विजयाचे थेट वर्णन करू शकला नाही, कारण हक्क राष्ट्रीय रेडिओकडे होते. चाहत्यांनी इतकी ओरड केली की पुढच्या वर्षापासून संघांच्या रेडिओ स्थानकांना स्वतःचे समालोचन करण्याची मुभा मिळाली. तेव्हापासून दूरचित्रवाणीचा आवाज बंद करून शेजारी रेडिओ लावण्याची प्रथा पडली. चित्र आणि आवाज यांत काही सेकंदांचे अंतर पडते, होमरन आधी ऐकू येतो आणि मग दिसतो, तरी लोक ती गैरसोय सोसतात.

ओरिओल्सकडे १९८३ मध्ये जॉन मिलर आले आणि त्याच वर्षी संघाने तिसरे अजिंक्यपद मिळवले. आजवरचे ते शेवटचे आहे. मिलर विनोदी होते, इतर समालोचकांच्या हुबेहूब नकला करत, आणि समोर जे घडते ते आडपडदा न ठेवता सांगत. पाचच वर्षांत त्यांच्यावर विलक्षण प्रसंग गुदरला. १९८८ च्या हंगामाची सुरुवात ओरिओल्सने सलग २१ पराभवांनी केली. याआधी हंगामाच्या आरंभी कुठलाही संघ १३ पेक्षा जास्त सामने सलग हरला नव्हता. सहा पराभवांनंतरच व्यवस्थापक (म्हणजे मुख्य प्रशिक्षक) कॅल रिप्केन थोरले यांना काढून फ्रँक रॉबिन्सन यांना नेमण्यात आले, तरी पराभव थांबेनात. अमेरिकन लीगमधला सर्वाधिक सलग पराभवांचा हा विक्रम २०२४ मध्ये शिकागो व्हाइट सॉक्सने गाठेपर्यंत एकट्या बॉल्टिमोरच्या नावावर होता.

या २१ पराभवांच्या काळात शहराचे जे झाले ते मुळातून समजून घेण्याजोगे आहे. बॉब रिव्हर्स या रेडिओ निवेदकाने संघ जिंकेपर्यंत आपण स्टुडिओ सोडणार नाही असा पण केला आणि तो २५८ तास, म्हणजे जवळजवळ अकरा दिवस, तिथेच अडकून पडला. हरण्याची ती एक देशव्यापी मौज झाली. राष्ट्राध्यक्ष रेगन यांनी रॉबिन्सन यांना दूरध्वनी करून धीर दिला. तारेवरून आलेल्या पराभवांचे वर्णन करण्यात ज्याची उमेदीची वर्षे गेली, त्याला या दुःखाची थोडीफार कल्पना असणारच. २९ एप्रिलला शिकागोत ओरिओल्स ९-० असे जिंकले. २ मेच्या रात्री संघ घरी परतला तेव्हा मेमोरियल स्टेडियमवर ५० हजारांहून अधिक लोक जमले होते. एक विजय आणि २३ पराभव अशी कामगिरी असलेल्या संघाचे स्वागत करायला! त्याच रात्री नव्या स्टेडियमचा करार जाहीर झाला, आणि शहर सोडून गेलेल्या कोल्ट्ससारखा हाही संघ एक दिवस निघून जाईल ही शहराची धास्ती मिटली. हंगामाचा शेवट ५४ विजय आणि १०७ पराभव असा झाला. मिलर यांनी या काळात पराभव लपवला नाही, त्याची लाज वाटून आवाज पाडला नाही, आणि संघावर उगाच तोंडसुखही घेतले नाही. पुढच्याच वर्षी, १९८९ मध्ये, बऱ्याच नव्या, तरुण खेळाडूंचा हा संघ शेवटच्या आठवड्याअखेरीपर्यंत टोरांटोशी पहिल्या क्रमांकासाठी झुंजला आणि दोन सामन्यांनी मागे राहिला, तेव्हा याच आवाजातला उत्साह लोकांना खरा वाटला. माझ्या मते समालोचकाच्या विश्वासार्हतेचे सगळे गणित यात आहे: ज्याने पराभवाला पराभव म्हटले त्याच्याच तोंडून विजय ऐकण्यात अर्थ असतो.

संघमालकांचे गणित मात्र वेगळे असते. १९९३ मध्ये बॉल्टिमोरचे श्रीमंत वकील पीटर अँजेलोस यांनी १७ कोटी ३० लाख डॉलरना संघ घेतला. १९९६ मध्ये मिलर यांचा करार संपत आला. ते तोवर ईएसपीएन या राष्ट्रीय क्रीडा वाहिनीवर रविवारच्या रात्रीचे राष्ट्रीय सामने करत होते आणि देशातल्या पहिल्या काही समालोचकांत गणले जात होते. अँजेलोस यांना मात्र समालोचकाने संघाची बाजू अधिक मांडावी, त्याच्या रक्तात संघाचे काळे आणि केशरी रंग थोडे तरी दिसावेत असे वाटत होते, आणि ते त्यांनी बोलूनही दाखवले. करार झाला नाही. मिलर सॅन फ्रान्सिस्को जायंट्सकडे गेले आणि २०१० मध्ये त्यांना बेसबॉलच्या दिग्गजांचा सन्मान करणाऱ्या हॉल ऑफ फेमचा, समालोचकांसाठी असलेला फोर्ड फ्रिक पुरस्कार मिळाला, जो १९७८ मध्ये पहिल्यांदा बार्बर आणि मेल अ‍ॅलन यांना, १९८१ मध्ये हार्वेल यांना आणि १९९३ मध्ये टॉम्पसन यांना मिळाला होता. मिलर, हार्वेल आणि टॉम्पसन या बॉल्टिमोरशी नाते असलेल्या समालोचकांची नावे या यादीत आहेत, हे शहराचे भाग्यच म्हणायचे. त्यांतला एक हातचा घालवला, हे दुर्दैव.

१९९७ मध्ये ओरिओल्स पहिल्या दिवसापासून शेवटच्या दिवसापर्यंत आपल्या विभागात अग्रस्थानी राहिले. त्यानंतर जी उतरण लागली ती १९९८ पासून २०११ पर्यंत, सलग १४ हंगाम, थांबली नाही. दरवर्षी विजयांपेक्षा पराभव अधिक. २१ सप्टेंबर २००६ रोजी एका स्थानिक क्रीडा रेडिओ स्थानकाच्या पुढाकाराने चाहते काळे टी-शर्ट घालून मैदानात आले आणि दुपारी ५ वाजून ८ मिनिटांनी उठून निघून गेले. ५ हा ब्रुक्स रॉबिन्सन यांचा आणि ८ हा धाकट्या कॅल रिप्केन यांचा, म्हणजे संघाच्या दोन लाडक्या जुन्या खेळाडूंचा, जर्सीवरचा क्रमांक. मालकाने संघ विकावा ही मागणी एवढ्या नेमकेपणाने मांडणारे चाहते बेरकी खरेच.

मालकाने संघ विकला नाही, उलट त्याच सुमारास त्याच्या हाती वाहिनी आली. मॉन्ट्रियलचा एक्सपोज हा संघ २००५ मध्ये वॉशिंग्टनला हलवून त्याला नॅशनल्स हे नाव देण्यात आले. बॉल्टिमोरपासून जेमतेम तासाभराच्या अंतरावर प्रतिस्पर्धी उभा राहणार म्हणून अँजेलोस यांनी विरोध केला, आणि त्यांचे समाधान करण्यासाठी मिड-अटलांटिक स्पोर्ट्स नेटवर्क, म्हणजे मॅसन, ही वाहिनी निर्माण झाली. तीवर दोन्ही संघांचे सामने दिसणार होते, पण बहुतांश मालकी ओरिओल्सची होती. नॅशनल्सला प्रक्षेपण हक्कांचे पैसे किती द्यायचे यावर दोन्ही संघांत पुढे वर्षानुवर्षे कोर्टकचेऱ्या झाल्या. पूर्वी समालोचक आणि मालक यांच्यामध्ये बिअर कंपनी किंवा रेडिओ स्थानक असे. आता मधला माणूसच उरला नाही.

या पडत्या काळात रेडिओवर जो अँजेल यांनी चाहत्यांना जगवले असे म्हणायला हरकत नाही. संघ जिंकला की ओरिओल्स आज ‘विजयाच्या रकान्यात’ आहेत, असे ते खास ठसक्यात सांगत. पराभवाच्या रात्री तेच वाक्य पराभवाच्या रकान्यासह, ठसका काढून घेऊन येई. त्या वर्षांत दुसरे वाक्यच जास्त वेळा ऐकावे लागले. म्हणून २०१२ मध्ये, एका धावेने निकाल लागलेल्या सामन्यांत २९ विजय आणि केवळ ९ पराभव अशी अविश्वसनीय कामगिरी करून संघ ९३ विजयांपर्यंत पोहोचला, तेव्हा पहिल्या वाक्याला बहर आला. २०१४ मध्ये ९६ विजय आणि विभागाचे विजेतेपद मिळाले. २०१८ मध्ये पुन्हा घसरगुंडी: ११५ पराभव. अँजेल त्या हंगामानंतर निवृत्त झाले.

पुढची तीन-चार वर्षे संघाने मुद्दाम तरुण आणि स्वस्त खेळाडूंवर काढली. २०१९ मध्ये १०८ पराभव, २०२१ मध्ये ११०, त्यातच ऑगस्टमध्ये सलग १९. पराभवांच्या या वर्षांत आवाजही बदलले. २०२० मध्ये मेलानी न्यूमन यांनी रेडिओवर वर्णन केले; ओरिओल्सच्या इतिहासात असे काम करणाऱ्या त्या पहिल्या महिला. दूरचित्रवाणीवरचे अनुभवी गॅरी थॉर्न आणि त्यांचे काही सहकारी २०२१ च्या हंगामाआधी कमी करण्यात आले, आणि केव्हिन ब्राउन या तरुण समालोचकाकडे मोठी जबाबदारी आली. जोडीला जिम पामर होतेच. साठ-सत्तरच्या दशकांतले हे महान पिचर तिन्ही अजिंक्यपदांच्या संघांत होते, त्यामुळे आजच्या पिचरची चूक ते स्पष्ट सांगतात आणि कुणी त्यांच्या निष्ठेवर शंका घेत नाही. संघात कमावलेली पत पाठीशी असली की समालोचकाला असे बोलता येते. नव्या माणसाला ती कुठून असणार?

त्याचा प्रत्यय २०२३ मध्ये आला, आणि तोही संघ जिंकत असताना. त्या हंगामात ओरिओल्सने १०१ सामने जिंकले. २३ जुलैला टँपा बे येथील सामन्याआधी ब्राउन यांनी सांगितले की या मैदानावर आधीच्या तीन वर्षांत आपल्याला फार थोडे विजय मिळाले होते आणि यंदा मात्र चित्र पालटले आहे. आकडे खरे होते, आणि पडद्यावर ते तक्त्याच्या रूपात दाखवलेही गेले. हेतू तर सरळ सरळ कौतुकाचा होता. त्यानंतर ब्राउन दूरचित्रवाणीवर दिसेनासे झाले. ऑगस्टच्या पहिल्या पंधरवड्यात बातमी फुटली की त्या बोलण्यामुळे त्यांना बाजूला ठेवण्यात आले आहे. मग इतर संघांचे समालोचक आपापल्या प्रक्षेपणात ओरिओल्सच्या मालकांचा समाचार घेऊ लागले. न्यूयॉर्क मेट्सचे गॅरी कोएन यांनी तर अत्यंत कडक शब्द वापरले. कॅम्डन यार्ड्स या ओरिओल्सच्या मैदानावर भर सामन्यात प्रेक्षकांनी ब्राउन यांच्या सुटकेच्या घोषणा दिल्या. ११ ऑगस्टला सिअ‍ॅटलच्या सामन्यात ते परतले आणि आपले संघाशी उत्तम संबंध असल्याचे निवेदन त्यांनी प्रसिद्ध केले.

मिलर प्रकरणाची आठवण जुन्या चाहत्यांना झाली नसती तरच नवल. फरक इतकाच की १९९६ मध्ये मालकाला समालोचकाचा सूर खटकला होता आणि २०२३ मध्ये संघाच्या स्वतःच्या नोंदीतला आकडा. बार्बर यांनी सांगितलेल्या रिकाम्या खुर्च्यांपर्यंत ही ओळ मागे नेता येते. तेव्हाचे प्रेक्षक मात्र बार्बर यांच्यासाठी काही करू शकले नव्हते. आता बातमी काही तासांत देशभर गेली, आणि ज्या चाहत्यांच्या तिकिटांवर आणि केबलच्या बिलांवर हा सगळा डोलारा उभा आहे त्यांनी समालोचकाची बाजू घेतली.

२०२४ च्या मार्चमध्ये पीटर अँजेलोस वारले, आणि त्याच सुमारास डेव्हिड रुबेनस्टाइन यांच्या गटाने सुमारे पावणेदोन अब्ज डॉलरच्या मूल्यांकनाने संघाचा ताबा घेतला. मॅसनवरचा नॅशनल्सशी चाललेला वाद मार्च २०२५ मध्ये तडजोडीने मिटला. त्या हंगामानंतर नॅशनल्सना आपले प्रक्षेपण अन्यत्र नेण्याची मुभा मिळाली. केबलची वर्गणी सोडणाऱ्यांची संख्या वाढत चालल्यामुळे देशभरातल्या अशा प्रादेशिक वाहिन्यांचा कणा मोडला आहे. कित्येक संघांच्या वाहिन्या चालवणारी डायमंड स्पोर्ट्स ही कंपनी मार्च २०२३ मध्ये दिवाळखोरीत गेली, आणि ३१ मे २०२३ पासून सॅन डिएगोच्या संघाचे सामने मेजर लीगने स्वतः दाखवायला सुरुवात केली. चाहत्यांची पहिली काळजी सामना दिसेल की नाही याची होती. दुसरी, आपला समालोचक राहील की नाही याची; तो राहिला. पडद्यामागची कंपनी बदलली तरी आवाज तोच ठेवायचा, हे लीगने ओळखले.

मैदानावर २०२५ पर्यंत ओरिओल्सची गाडी पुन्हा घसरली होती. २०२३ आणि २०२४ मध्ये बाद फेरीत एकही सामना जिंकता आला नाही, २०२५ मध्ये १५ विजय आणि २८ पराभवांनंतर व्यवस्थापक ब्रँडन हाइड यांना मे महिन्यात काढण्यात आले, आणि हंगाम ७५ विजयांवर संपला. नवे मालक अशा घसरणीत प्रथमच सापडले, आणि ती घसरण रोज तीन तास सांगण्याचे काम तेव्हाही त्यांच्याच पगारावरच्या माणसांकडे होते.